बीमटाईम मिळाला, पुढे काय? अल्ट्राफास्ट इन्फ्रारेडचा माझा अनुभव

नोव्हेंबरमधला लेझरचा आठवडा (आमचा बीमटाईम, म्हणजे लेझर फॅसिलिटीत मोजमापासाठी मिळालेला वेळ), मग डेटाची साफसफाई, मग रिपोर्ट असं सगळं एकदाचं उरकलं म्हणून आता निवांत लिहायला बसलेय. हे ज्यांच्यासाठी लिहितेय ते म्हणजे प्रोटीन किंवा डीएनएवर काम करणारे, लेझरला कधी हात न लावलेले आणि ज्यांना गाईडनी सहज सांगितलंय की "टाइम-रिझॉल्व्हड इन्फ्रारेड करून टाक, मस्त पेपर होईल". मला पण असंच सांगितलं होतं. (एका लेझर पल्सने रेणू उत्तेजित करायचा आणि त्यानंतर किती वेळाने त्याचे बंध कसे बदलले ते इन्फ्रारेड पल्सने बघायचं, ते हे तंत्र.) पेपरातल्या मेथड्समध्ये याच्या चार ओळी असतात आणि त्या चार ओळींच्या मागे आमचं जवळपास वर्ष गेलं.

आधी आमचा प्रश्न काय होता ते सांगते. आमचं प्रोटीन फ्लेविनवालं आहे (फ्लेविन म्हणजे प्रोटीनमध्ये बसलेला, प्रकाश शोषणारा रेणू), म्हणजे पिवळं. निळा प्रकाश टाकला की फ्लेविन उत्तेजित होतं आणि मोकळ्या फ्लेविनसारखं चमकत बसायच्या ऐवजी काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) विझून जातं. शेजारीच एक ट्रिप्टोफॅन (अमिनो आम्ल) आहे, त्यामुळे सगळे म्हणतात की तिथून इलेक्ट्रॉन उडी मारून फ्लेविनवर येतो. पटण्यासारखं आहे, पण फ्लोरेसन्स (म्हणजे ते चमकणं) विझला यावरून फक्त एवढंच कळतं की उत्तेजित अवस्था संपली, ती कशाने संपली ते कळत नाही. दृश्य प्रकाशात ट्रान्झिएंट अब्सॉर्प्शन (उत्तेजित केल्यावर क्षणाक्षणाला शोषण कसं बदलतं ते मोजणं) आम्ही आधी करून पाहिलं होतं. तिथे उत्तेजित फ्लेविनचं स्वतःचं शोषण, स्टिम्युलेटेड एमिशन (मोजणाऱ्या पल्सने भाग पाडलेलं चमकणं) आणि रॅडिकल (इलेक्ट्रॉन गेल्या-आल्यावर उरणारा रेणू) हे सगळं एकावर एक बसतं, ट्रिप्टोफॅनच्या रॅडिकलचा बँड (शोषणाचा पट्टा) ५०० ते ६०० नॅनोमीटरच्या दरम्यान कुठेतरी, तोही अशक्त, आणि मग फिटिंग करणाऱ्याला जे हवं ते दिसतं.

इन्फ्रारेडमध्ये तरी इलेक्ट्रॉन दिसतो का? नाही दिसत. दिसतात ते बंध. मांजर आपल्याला दिसत नाही पण दुधावरची साय गेलेली दिसते, तसं. आणि नुसती साय गेलेली दाखवून चालत नाही, मांजराच्या मिशीला लागलेली पण दाखवावी लागते. म्हणजे जिथून इलेक्ट्रॉन गेला तिथला बदल आणि जिथे आला तिथला बदल, दोन्ही, आणि दोन्ही एकाच वेळेला. हे वाक्य मी प्रपोजलमध्ये (अर्थात मांजराशिवाय) लिहिलं होतं आणि पुढे जे जे केलं ते यासाठीच केलं.

प्रपोजल. असल्या लेझर फॅसिलिटी ठराविक महिन्यांत अर्ज मागवतात, आमचा कॉल एप्रिलमध्ये बंद व्हायचा होता. वैज्ञानिक भाग दोन पानांचा. पहिल्या मसुद्यात मी दीड पान प्रस्तावना लिहिली, प्रकाशसंश्लेषणातल्या रिअॅक्शन सेंटरमध्ये पहिला इलेक्ट्रॉन साधारण ३ पिकोसेकंदांत सरकतो, मार्कसना इलेक्ट्रॉन ट्रान्सफरच्या सिद्धांतासाठी १९९२ चं नोबेल, झेवेलना फेम्टोकेमिस्ट्रीसाठी १९९९ चं, वगैरे वगैरे. मॅडमनी (आमच्या गाईडनी) त्यावर सरळ काट मारली. म्हणाल्या, पॅनेलवर बसलेल्यांना हे पाठ आहे, त्यांना एकच बघायचंय, सिग्नल येणार का आणि आला तर प्रश्न सुटणार का. मग आम्ही आकडे घातले. तुम्हीही घाला, म्हणून इथे देते.

फ्लेविन ४५० नॅनोमीटरला चांगलं शोषतं, मोलर शोषणांक ११,३०० च्या आसपास. पण इन्फ्रारेडसाठी सॅम्पलचा थर ५० मायक्रॉनच ठेवता येतो, म्हणजे १ मिलिमोलर प्रोटीन घेतलं तरी ओडी (किती प्रकाश शोषला जातो त्याचं माप) येते ०.०५ ते ०.०६. नेहमीच्या क्युव्हेटमध्ये काम करणाऱ्याला हे वाचून घाम फुटतो, कारण ५० किलोडाल्टनचं प्रोटीन १ मिलिमोलर म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम! त्यातलं समजा दहा टक्के उत्तेजित झालं आणि सी-ओ दुहेरी बंधाचा (कार्बोनिलचा) शोषणांक हजार धरला तर फरक येतो अर्ध्या मिलिओडीचा. या यंत्रांचा नॉइज बऱ्यापैकी सरासरी घेतल्यावर दहा मायक्रोओडीपर्यंत खाली येतो, म्हणजे हे जमण्यासारखं आहे. प्रोटीन एवढं घट्ट केलं तरी गोळा होत नाही याचा पुरावा आम्ही जोडला. माझ्या मते बीमटाईम मिळाला तो विज्ञानापेक्षा या एका परिच्छेदामुळे.

निकाल जुलैअखेर आला. मागितला होता त्यापेक्षा कमी वेळ मिळाला, जो म्हणे जवळपास सगळ्यांनाच कमी मिळतो. मेल वाचून आनंद झाला आणि तासाभरात पोटात गोळा आला, कारण नोव्हेंबर ठरला होता आणि म्युटंट प्रोटीन (एक अमिनो आम्ल बदललेलं) अजून कागदावरच होतं.

मग फॉर्म्सचा सीझन. प्रत्येक सॅम्पल वेगळं नोंदवायचं, म्युटंट सुद्धा वेगळं, प्रमाण किती, कशात विरघळलंय, बफरमध्ये काय काय. प्रोटीन जनुकीय बदल केलेल्या बॅक्टेरियातून काढलेलं असेल तर त्यात जिवंत पेशी नाहीत हे लिहून द्यायचं. सोडियम अझाइड घालत असाल तर त्याचं वेगळं रिस्क असेसमेंट (आम्ही सरळ काढून टाकलं, तसंही अझाइडचा २,०४० वेव्हनंबरच्या आसपास बँड असतो; वेव्हनंबर हे इन्फ्रारेडचं माप, पुढचे असे आकडे त्यातलेच). लेझर सेफ्टीचं ऑनलाइन ट्रेनिंग आणि त्याची परीक्षा, प्रत्येक येणाऱ्याची नोंदणी, कोण कुठल्या शिफ्टला. टीप: जो सॅम्पल जाईल असं जराही वाटतंय तो आधीच फॉर्मवर टाका. नंतर नेला नाही तर कोणी विचारत नाही, पण फॉर्मवर नसलेला सॅम्पल ऐनवेळी आत नेता येत नाही.

आता खरी गोष्ट, जड पाणी (डीटूओ, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पाणी). मी यावर जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

साध्या पाण्याचा बेंडिंग बँड १,६४५ ला, प्रोटीनच्या कण्याचा अमाइड-वन बँड १,६५० च्या आसपास, फ्लेविनचे कार्बोनिल त्याच भागात. ५० मायक्रॉन साध्या पाण्याची तिथे ओडी सहा भरते, म्हणजे दहा लाखांतला एक फोटॉन पलीकडे जाणार. डीटूओमध्ये तो बँड १,२१० ला सरकतो आणि मधली खिडकी उघडते. १,५५५ च्या आसपास डीटूओचा एक रुंद उंचवटा आहे पण त्यातून निभावतं.

तर सगळं प्रोटीन साध्या बफरमधून जड बफरमध्ये न्यायचं. सेंट्रिफ्यूजच्या फिल्टर ट्यूबमध्ये घट्ट करा, डीटूओ बफर घाला, परत घट्ट करा, परत घाला. या फिल्टरच्या पटलावर ग्लिसरीन असतं, ते आधी धुवून काढलं नाही तर तुमच्या स्पेक्ट्रममध्ये येऊन बसतं. इमिडाझोल (प्रोटीन शुद्ध करताना वापरलेलं) पूर्ण गेलं पाहिजे. सायट्रेट, अॅसिटेट, ईडीटीए असले कार्बोक्सिलेट १,६०० च्या खाली तोंड घालतात, टाळा. पेप्टाइड विकत आणलेलं असेल तर त्याच्याबरोबर बहुतेक वेळा टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल) येतं आणि ते १,६७३ ला एवढं ठसठशीत दिसतं की नवखा माणूस त्याला बीटा शीट समजतो. पीएच मीटर जड पाण्यात ०.४ कमी दाखवतं, म्हणजे मीटरवर ७.६ आलं की पीडी (जड पाण्यातला पीएच) ८.० धरायचं.

आणि हे सगळं करताना डीटूओ हवेतली वाफ ओढत असतं. बाटली उघडी राहिली की आत एचओडी (अर्धं साधं, अर्धं जड पाणी) वाढत जातं आणि त्याचा बँड १,४५० ला, बरोबर जिथे ड्युटेरियम बसल्यावर अमाइड-टू सरकून येतो तिथे. आम्ही प्रत्येक बॅचचा साधा एफटीआयआर (नेहमीचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) काढायचा नियम केला आणि ३,४०० चा भाग बघायचा, तिथे ओ-एच दिसला की किती साधं पाणी शिल्लक आहे ते लगेच कळतं. अजून एक, प्रोटीनच्या पोटातले काही हायड्रोजन पटकन बदलत नाहीत, काही तासात बदलतात काही दिवसात, त्यामुळे आज बदललेला सॅम्पल आणि परवा बदललेला सॅम्पल एकसारखे नसतात आणि दोघांची तुलना करायला गेलात की अमाइड भागात भुतं दिसतात. वाइल्ड टाइप (मूळ, न बदललेलं प्रोटीन) आणि म्युटंट दोन्ही एकाच वेळी बदला, रात्रभर थंडीत सारखाच वेळ ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण याला शॉर्टकट नाही.

जड पाण्याचा एक वैज्ञानिक दंडही असतो. इलेक्ट्रॉनबरोबर प्रोटॉन जात असेल तर डीटूओमध्ये ती पायरी मंदावते. म्हणून आम्ही घरच्या यंत्रावर फ्लोरेसन्सचा वेग दोन्ही पाण्यांत मोजून ठेवला होता. रेफ्रीने हेच विचारलं असतं, त्याच्या आधी पॅनेलने विचारलं.

सॅम्पल ज्यात भरतात त्या सेलच्या खिडक्या कॅल्शियम फ्लोराइडच्या, मध्ये ५० मायक्रॉनचा स्पेसर. हे काच समजून वागवू नका, गरम-गार झटका बसला की तडकतं. सेल भरताना बुडबुडा राहिला तर लेझर बरोबर तिथेच येतो, हा निसर्गनियम आहे. सुट्या खिडक्या आणि जादा स्पेसर स्वतःचे न्या.

सॅम्पल कोरड्या बर्फात पाठवले, मुद्दाम दोन वेगवेगळ्या पार्सलांतून. कागदपत्रांवर कोरडा बर्फ किती किलो, आत काय, संसर्गजन्य नाही, व्यापारी मूल्य नाही, असं सगळं स्पष्ट लिहिलं, तरी एक पार्सल कस्टम्समध्ये अडकलं आणि आम्ही पोचल्यावर दीड दिवसाने आलं, बर्फ जेमतेम उरलेला. दुसरं वेळेत आलेलं म्हणून काम सुरू करता आलं. सोमवारी पोचतील असे नाही, आधीच्या आठवड्यात पोचतील असे पाठवा, तिथे फ्रीझर असतो.

पहिला दिवस मोजमापाचा नसतोच. सेफ्टीची फेरी, इंटरलॉक कसं चालतं, कुठलं दार कधी उघडायचं नाही, कुठला गॉगल कुठल्या रंगाला. घड्याळ, अंगठी काढून ठेवायची, बीमच्या उंचीला डोळे आणायचे नाहीत. मला या खोलीची खरंच भीती वाटत होती, आणि तिथले सायंटिस्ट म्हणाले की थोडी राहू दे, ती बरीच असते. तोवर त्यांचं अलाइनमेंट चालू. टायटेनियम-सफायरचा ८०० नॅनोमीटरचा पल्स दोन भागांत जातो, एकापासून ४५० चा पंप (उत्तेजित करणारा) बनतो, दुसऱ्यापासून इन्फ्रारेड प्रोब (मोजणारा). मग पंपाच्या तुलनेत प्रोबला उशीर करायचा तो आरसे सरकवून. प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो, जाऊन-येऊन धरलं तर आरसा ०.१५ मिलिमीटर सरकला की एक पिकोसेकंद झाला. इतकं अचाट वाटणारं घड्याळ म्हणजे शेवटी एक सरकती पट्टी आहे हे बघून मला फार बरं वाटलं.

टाइम झिरो (पंप आणि प्रोब एकाच वेळी पोचतात तो क्षण) जर्मेनियमच्या चकतीवर शोधला, पंप पडला की त्यात मोकळे वाहक तयार होतात आणि इन्फ्रारेड धाडकन शोषलं जातं, त्या पायरीवरून शून्यही कळतं आणि यंत्राचा वेगही, आमच्याकडे २०० फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) आत होता. वेव्हनंबरचं कॅलिब्रेशन पॉलिस्टायरिनच्या फिल्मवर, तिचा १,६०१ चा बँड हुकमी. बॉक्सचा पर्ज (आत सोडलेला कोरडा वायू) चालू आहे ना ते बघत राहा, पाण्याच्या वाफेच्या बारीक रेघा १,४०० पासून १,९०० पर्यंत सगळीकडे असतात. डिटेक्टरला द्रव नायट्रोजन कधी घालायचा त्याचा अलार्म फोनवर लावा, रात्रीच्या शिफ्टला कोणाच्या लक्षात राहत नाही. पंप आणि प्रोबच्या ध्रुवणातला कोन ५४.७ अंश ठेवतात, नाहीतर रेणू फिरल्याने होणारा बदल रसायनात मिसळतो. आणि १०० फेम्टोसेकंदांच्या पल्सची स्वतःची रुंदीच १५० वेव्हनंबरच्या आसपास असते, त्यामुळे सगळा प्रदेश एकदम बघता येत नाही. कुठल्या दोन वेव्हनंबर-खिडक्या बघायच्या ते घरून ठरवून या. तिथे पोचल्यावर ठरवायला बसलात तर दोन शास्त्रज्ञ आणि तीन मतं होतात.

प्रोटीन लगेच लावलं नाही, आणि हा सल्ला मी सगळ्यांना देईन. आधी एफएमएन, मग एफएडी (दोन्ही फ्लेविनचेच मोकळे रेणू), दोन्ही नुसते जड पाण्यात. एफएमएन उत्तेजित झालं की काही नॅनोसेकंद तसंच राहतं, इलेक्ट्रॉन द्यायला शेजारी कोणी नाही. एफएडीमध्ये मात्र अॅडेनिन त्याच रेणूत असतं आणि घडी पडून फ्लेविनवर येऊन बसलं तर काही पिकोसेकंदांत त्याच्याकडून इलेक्ट्रॉन येतो. म्हणजे एक सॅम्पल 'नाही'चं आणि एक 'हो'चं, दोन्ही स्वस्त आणि हवे तेवढे. स्क्रीनवर १,५४८ आणि १,५८१ ला फ्लेविनचे दोन खड्डे (मूळ रेणू कमी झाल्याने शोषण घटतं त्या जागा) पहिल्यांदा उमटले तेव्हा आम्ही सगळे उगाचच कुजबुजत बोलत होतो. एफएडीमध्ये १,६२५ ला अॅडेनिनचाही खड्डा शोधायचा असतो. तो म्हणजे देणाऱ्याच्या बाजूचा पुरावा. तो दिसल्यावर यंत्रावर विश्वास बसला.

मग प्रोटीन. दर थोड्या वेळाने सेल हलवत राहायचा म्हणजे एकाच जागी प्रकाश पडत नाही, तरी फ्लेविन हळूहळू रिड्यूस होतं, पिवळा रंग फिका पडतो. प्रत्येक रनच्या आधी आणि नंतर यूव्ही-व्हिजिबल काढा आणि रनच्या नंबरसकट वहीत चिकटवा. पंपाची ताकद अर्धी करून सिग्नल अर्धा होतो का तेही एकदा बघाच. होत नसेल तर दोन-दोन फोटॉन शोषले जातायत, आणि तसं झालं की इलेक्ट्रॉन रेणूतून उडून सरळ पाण्यात जाऊ शकतो आणि आपण त्यालाच इलेक्ट्रॉन ट्रान्सफर म्हणून मिरवतो. डीएनएवर अल्ट्राव्हायोलेट पंप वापरणाऱ्यांनी तर याशिवाय पाऊल टाकू नये.

शून्याच्या आधीच, म्हणजे पंप पोचायच्या आधीच, सिग्नल दिसला तर घाबरू नका. प्रोबने कंपायला लावलेला बंध अजून थरथरत असताना मागून पंप येतो, त्याचा तो परिणाम असतो, पुस्तकात नाव आहे त्याला. शून्याच्या आसपास खिडकीच्या फ्लोराइडचाही एक झटका असतो, म्हणून नुसत्या बफरचा रन हवाच. आणि पहिल्या वीसेक पिकोसेकंदांत बँड अरुंद होतो, जरा वर सरकतो, ते फक्त रेणू थंड होणं असतं, पण फिटमध्ये घातलं की सुंदर टाइम कॉन्स्टंट मिळतो आणि मोह होतो.

आमच्या वाइल्ड टाइपमध्ये पहिले दोन दिवस निराशा होती. उत्तेजित अवस्था विझत होती आणि त्याच वेगाने खड्डेही भरत होते. रॅडिकलसाठी आम्ही १,५०० च्या आसपास नवा बँड उगवण्याची वाट बघत होतो, तिथे नॉइजच्या जरा वर काहीतरी होतं, बस. रात्री जेवताना लक्षात आलं की यात रडण्यासारखं काही नाही. इलेक्ट्रॉन येण्यापेक्षा परत जाण्याचा वेग जास्त असला तर मधली अवस्था साठतच नाही, ती दिसणार कशी. मग उरलेला वेळ नवीन वेव्हनंबर शोधण्यात न घालवता म्युटंटवर घालवला, ट्रिप्टोफॅनच्या जागी फिनाइलअॅलानिन. तिथे फ्लेविन नॅनोसेकंदाच्या घरात जगलं. शिवाय कार्बोनिलमध्ये कार्बन-१३ घातलेलं फ्लेविन आम्ही नेलं होतं, तो बँड अपेक्षेप्रमाणे ३५ ते ४० वेव्हनंबर खाली गेला आणि १,७०० च्या आसपासच्या गर्दीतला कुठला सिग्नल फ्लेविनचा आणि कुठला प्रोटीनच्या कण्याचा ते वेगळं झालं. लेबलवाला सॅम्पल महाग, करायला वेळखाऊ, आणि तोच एक असा होता ज्याच्याबद्दल नंतर आमच्यात वाद झाला नाही.

डेटाचं काम फेब्रुवारीपर्यंत चाललं. ग्लोबल फिट (सगळे स्पेक्ट्रा एकत्र फिट करणं) कितीही घटकांवर बसतो, चार घटक दिलेत की चार सुंदर स्पेक्ट्रा मिळतात, त्यांना लगेच रेणूंची नावं देऊ नका. आम्ही आधी एसव्हीडी (डेटातले स्वतंत्र घटक मोजायची गणिती पद्धत) करून नॉइजच्या वर खरंच किती घटक आहेत ते पाहिलं, मग आधी इलेक्ट्रॉन येतो आणि मग त्याहून वेगाने परत जातो असं ठरीव मॉडेल बसवलं, तेव्हा तो १,५०० चा अशक्त बँड जागेवर आला. देणाऱ्याच्या बाजूचा, म्हणजे ट्रिप्टोफॅनचा, स्पष्ट पुरावा मात्र मिळाला नाही, त्याचे इन्फ्रारेड बँड मुळातच कमजोर. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. म्युटंटवरून ट्रिप्टोफॅन लागतं हे म्हणता येतं, त्याचं रॅडिकल आम्ही पाहिलं असं म्हणता येत नाही.

रिपोर्टला मुदत असते आणि तो दिल्याशिवाय पुढचा अर्ज बघत नाहीत, त्यामुळे पेपर होईपर्यंत थांबू नका, दोन आकृत्या टाकून पाठवून द्या. कच्चा डेटा निघतानाच दोन डिस्कवर घ्या, आणि कुठल्या फाइलला कुठली पंप पॉवर ते त्याच दिवशी लिहा. पुढच्या कॉलसाठी ट्रिप्टोफॅनच्या रिंगवर ड्युटेरियम घातलेलं प्रोटीन करायला घेतलंय. सध्या लिटरभर कल्चरमधून जे निघतंय ते एक सेल भरायलाही पुरत नाही, तर लेबल केलेलं अमिनो आम्ल वापरून यील्ड कशी वाढवायची याचा कोणाला अनुभव असेल तर जरूर सांगा.